अर्ध्या जीबीत मावलेला संसार

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्या.) गुडघा काय म्हणतो? जिना उतरता येतो का? इकडे मी आणि तुमची धाकटी बहीण खुशाल आहोत.

लिहायचं ते तुम्ही पंधरा वर्षांपूर्वी दिलेल्या कॉम्प्युटरबद्दल. महिनाभर तो चालू केला की घुरघुरायचा आणि पडदा निळा करून गप्प बसायचा. हिला शिवणाच्या मशिनसाठी त्याचं टेबल हवं होतं. "रविवारी भंगारवाला येतोय. तोवर चालला तर राहील," असं हिनं जाहीर केलं. आता छापखान्यात मुद्रितं तपासताना चाळीस वर्षांत मी जमवलेल्या साडेसहाशे चुका त्यातच होत्या. ('वधू पाहिजे'च्या जागी 'मधू पाहिजे' छापलेली जाहिरात तुम्हाला आठवत असेल.) त्या भंगारात कशा जाऊ देणार?

कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली) घालून दिलं. पण ते जरा खात्यापित्या घरचं निघालं. आपल्या यंत्राची मेमरी जेमतेम अर्धा जीबी. माउस हलवून मी दाढी करून यायचो, तेव्हा कुठे बाण पडद्याच्या मध्यावर आलेला असायचा. मग बाईंनी दुसरं, हलकं लिनक्स दिलं. ते लगेच सुरू झालं, चुका सगळ्या सुखरूप सापडल्या आणि त्या मी आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. (तेव्हा डोळे भरून आले. चष्म्याचा नंबरही वाढलाय, ते वेगळं.)

पुढे ते यंत्रात कायमचं बसवलं, तर काळ्या पडद्यावर त्यानं पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, करतोय, पण एक अक्षर उमटेल तर शपथ! कीबोर्ड गेला असं समजून मी त्याची सगळी बटणं उपटली, साबणानं धुतली आणि गच्चीत वाळत घातली. परत बसवताना मात्र कुठलं कुठे होतं तेच आठवेना. आयुष्यभर लोकांची अक्षरं जागेवर आणणारा मी, टॉवेलभर बटणं आणि बोडका कीबोर्ड घेऊन वाचनालयात गेलो.

"काका," बाई म्हणाल्या, "पासवर्ड टाइप करताना दिसत नाही. दिसू नये म्हणूनच."

त्यांच्या कीबोर्डकडे बघून आम्ही दोघांनी बटणं लावली. शनिवारी दुपारी यंत्र सुरळीत चालू झालं. ही मागे उभी राहून चुका वाचू लागली आणि हसता हसता हिला ठसका लागला. "राहू दे हो," म्हणाली, "मशिन खिडकीशी लावते." एवढ्या एका वाक्यानं माझी पाठसुद्धा घटकाभर सरळ झाली.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : तुमच्या माळ्यावरच्या बंद कॉम्प्युटरातली मेमरीची पट्टी निघाली, तर पाठवाल का? कामाचा व्याप फार वाढलाय.

ता. क. (हे मी लिहितेय) : दादा, कसला व्याप? त्यात पत्त्यांचा खेळ निघाला. रविवारपासून मीच खेळतेय, म्हणून यांना हातानं पत्र लिहावं लागलं. पट्टी पाठव, पण माझ्या नावानं. हुकूम उतरवायच्या वेळेलाच मेलं अडकतं.