दार नसलेल्या निवाऱ्याची निरवानिरव

मी, कोंडीराम आबाजी रोकडे, वय एकसष्ट, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी भोसरीच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे, म्हणजे पॅटर्न, करण्याचा, हल्ली काही नाही, राहणार चाकणच्या पुढे नाशिक रस्त्याला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाचंही दडपण नसताना, माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. मला घंटी ऐकू येते हे मात्र मी डॉक्टरला सांगितलेलं नाही. ते पुढे येईल.

कलम १. भोसरीतली माझ्या मालकीची पत्र्याची खोली, आतल्या खाट-भांड्यांसह, पुतण्या ज्योतीराम यास द्यावी. एवढ्यावर त्याने समाधान मानावं. त्याचा डोळा कशावर आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. मी राहतो तो रस्त्याकडेचा निवारा पाडायचा, तिथे टायरचं दुकान काढायचं आणि पुढे लोखंडी शटर लावायचं, हे चित्र तो मला चहा पिता पिता रंगवून सांगतो. पोरगा वाईट नाही, उतावळा आहे. पण त्या जागेला शटर लागलं तर मी मेल्यावरही स्वस्थ बसणार नाही.

कलम २. माझ्या मयतीला बौद्ध रीतीप्रमाणे वंदना घ्यावी. पिंड, कावळा काही करू नये. भुताखेताला मी छप्पन्न सालीच रामराम ठोकला आहे. म्हणून पुढचं लिहिताना माझा मलाच राग येतो, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये.

कलम ३. निवारा. हा कशासाठी आहे हे नव्या लोकांना माहीत नाही, म्हणून लिहितो. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी पाळी सुटली की जुन्नर, नारायणगावकडची माणसं सायकलीवर घरी निघत. एस. टी. परवडत नसे. अर्ध्या वाटेवर, इथे, कुणीतरी वर्गणीतून बांधलेली पत्र्याची शेड होती. तिला दार होतं, दाराला आतून आडवा घालायचा लाकडी आडणा होता. तिथे पाठ टेकायची आणि पहाटे पुढे निघायचं. भिंतीत खुंट्या होत्या. आल्या आल्या प्रत्येकाने आपला जेवणाचा डबा खुंटीला लावायचा, अशी रीत होती. डबा लागला म्हणजे माणूस पोचला. सगळ्या खुंट्या भरल्या की आडणा घालायचा.

माझा एकुलता मुलगा भिवा अडुसष्ट सालच्या वैशाखात या रस्त्याने घरी निघाला होता. मोशीच्या पुढे त्याची सायकल पंक्चर झाली. बरोबर त्याचा गाववाला दत्तोबा होता. भिवाने डबा त्याच्याजवळ दिला आणि सांगितलं, तू हो पुढं, माझी जागा धर. दत्तोबाने जागा धरली. म्हणजे भिवाचा डबा खुंटीला लावला आणि दोन पाळ्यांच्या थकव्याने तो तिथेच आडवा झाला. वळीव आला, गारा सुरू झाल्या. बाकीच्यांनी खुंट्या पाहिल्या, सगळे डबे जागेवर होते, आडणा घातला. पत्र्यावर गारांचा असा आवाज होता की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येईना. गारा थांबल्यावर दार उघडलं, तेव्हा भिवा उंबऱ्याशी पडला होता. डोकं फुटलं होतं, सायकल अंगावर होती आणि अंगठा घंटीवर होता.

माझी बायको गोजाबाई शेवटपर्यंत एकच विचारायची, "त्यानं हाक मारली आसंल का वो?" 

मग मी राजीनामा दिला. इथली जमिनीची पट्टी तिचे मालक नानासाहेब यांच्याकडून रीतसर खरेदी केली, शेड उतरवली आणि हा निवारा बांधला. दगड-मातीच्या भिंती, वर बांबू आणि गवत. लोक म्हणाले, कोंडीराम, पत्रा टिकाऊ असतो. असतो. पण गवतावर गार पडली तर आवाज होत नाही, बाहेरच्याची हाक आत येते. दार ठेवलं नाही. तोंड पूर्वेला, त्याच्यापुढे आडभिंत. वारा-पाऊस अडतो, माणूस अडत नाही. वाट रुंद ठेवली, कारण थकलेला माणूस सायकल सोडत नाही, सायकलीसकट आत येतो. छपराचं पाणी रांजणात जातं. सगळं याच परिसरातलं आहे, दुरुस्तीला परका कारागीर लागत नाही.

दत्तोबाशी मी तेव्हापासून बोललो नाही. तोही कधी आत आला नाही. भर पावसात आला तरी बाहेर चिंचेखाली भिजत उभा राहायचा आणि तसाच पुढे जायचा. मला वाटायचं, बरं झालं, भिजू दे.

आणि दर बुधवारी दिवेलागणीला भिंतीबाहेर सायकलची घंटी वाजायची. बाहेर जावं तर कुणी नसायचं. कधी चिंचेखाली दत्तोबा दिसायचा. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की हाच मेला मला छळायला घंटी वाजवतो.

गेल्या महिन्यात घंटी वाजली तेव्हा मी काठी घेऊनच बाहेर पडलो. दत्तोबा उभा होता. त्याचेही केस पांढरे झालेत. मी विचारलं, "घंटी तू वाजिवतोस व्हय?"

तो म्हणाला, "न्हाई काका. माझ्या सायकलीला घंटीच न्हाई. त्या दिसापास्नं काढून टाकली. मी ती ऐकूनच थांबतो."

मी हात लावून पाहिलं. हँडल मोकळं होतं. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. घंटी पुन्हा वाजली आणि आम्ही दोघांनी एकाच बाजूला पाहिलं. मला फार भीती वाटली. आणि खरं लिहायचं तर बरंही वाटलं.

कलम ४. सबब निवारा, खालची जमीन, माझे रंधे, पटाशा, करवती आणि दरसाल छप्पर शाकारण्यासाठी पोस्टातली शिल्लक, हे सर्व दत्तोबा यास द्यावं. ज्योतीरामने हरकत घेऊ नये. त्याला मी मुद्दाम एका बुधवारी इथे बसवलं होतं. त्याला काही ऐकू आलं नाही. ज्याला ऐकू येतं त्यानेच ही जागा राखावी.

अटी अशा. दार लावू नये. पत्रा घालू नये. जातपात, कंपनी विचारू नये. एकाचा डबा दुसऱ्याने खुंटीला लावू नये. आणि दत्तोबाने यापुढे चिंचेखाली उभं राहू नये, आत यावं.

कलम ५. भिवाचा डबा निवाऱ्यातल्या माझ्या खाटेखाली आहे, घासून ठेवला आहे. आडभिंतीलगतची पहिली खुंटी त्याची. ती मोकळी ठेवावी आणि डबा तिच्याखाली जमिनीवर ठेवावा. खुंटीला कुणी लावू नये, दत्तोबानेही नाही. भिवा आला की स्वतः लावील.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, मला मान्य आहे.

सही : कोंडीराम आबाजी रोकडे

आमच्यासमक्ष सही केली, म्हणून साक्ष :
१. सुमनताई भालेराव, बालवाडी शिक्षिका, चाकण
२. अण्णासाहेब कड, शेतकरी, कुरुळी

मुक्काम : निवारा, चाकणच्या पुढे, तालुका खेड, जिल्हा पुणे
तारीख : ११ नोव्हेंबर १९८१, बुधवार