फोन तुझ्या बाबांकडे असतो

प्रिय ठमे,

ठमी म्हटल्याबद्दल आधी चिडून घे, मग पुढे वाच. फोन करायचा सोडून आईनं पत्र काय लिहिलं, असं वाटेल तुला. काल केला होता की फोन! तू "बाबा म्हणाले ना सगळं ठीक आहे, उगाच काळजी करत बसतेस" म्हणून ठेवूनही दिलास. मला वाक्य पुरं करू देशील तर शपथ. शिवाय हल्ली मी फोन हातात घेतला की तुझे बाबा खोलीत येऊन उभे राहतात. पडदा सारखा करतात, कपाटात काहीबाही शोधतात, पण कान सगळा माझ्याकडे. आत्ता ते केस कापायला गेलेत, तेवढ्यात लिहितेय.

आपण दोघी त्या छातीच्या तपासणीला गेलो होतो ना, तिथपासून सांगते. मी दारातूनच परत फिरत होते. चल, मीही करून घेते तुझ्या सोबतीला, असं म्हणून तू मला आत ढकललंस. बाहेर आल्यावर म्हणालीस, आई, त्या मशीननं दाबून दाबून आपल्याला इस्त्रीच करून दिली गं! काउंटरवरच्या मुलीनं नंबर विचारला. माझा फोन कुठे असतो ते मलाच ठाऊक नसतं आणि तू कायम मीटिंगमध्ये, म्हणून दोघींच्या नावावर बाबांचाच नंबर दिला. पुढे त्यांनीच सांगितलं, दोघींचंही छान आलंय. मी सुटले एकदाची, म्हणून हुश्श केलं.

आणि मग हा माणूस बदलला. उभ्या संसारात ज्यानं इकडची काडी तिकडे केली नाही, तो भांडी घासायला लागला. मी आधी थट्टाच केली. म्हटलं, काय हो, बाहेर कुणी भेटलीय की काय? एरवी चिडले असते, तेव्हा घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. एकदा म्हणाले, तुला समुद्र बघायचा होता ना, जाऊ या का? अगं, लग्न झाल्यापासून मागे लागले होते मी, तेव्हा यांना कधी सवड नव्हती. एका दुपारी माझा डोळा लागला, जाग आली तर हे समोर खुर्चीत बसलेले. माझ्याकडे बघत होते. स्टेशनवर कुणाला सोडायला आल्यावर गाडी हलेपर्यंत बघतात ना, तसं. फोन वाजला की बाल्कनीत जायचे, जाताना दार ओढून घ्यायचे. मी विचारलं की बँकेचा होता म्हणायचे. एवढी कुठली बँक माया करते गं आपल्यावर?

मग एकदा ते आंघोळीला गेले असताना फोन वाजला आणि मी उचलला. दवाखान्यातली नर्स होती. तिनं विचारलं, पेशंटच्या कोण तुम्ही? मी म्हटलं, पेशंटच. ती म्हणाली, अहो, आम्ही कितीदा फोन केले, पुढची तपासणी करायचीय, तर तुमचे मिस्टर म्हणतात तुम्ही गावाला गेलात. मी कुठल्या गावाला गेले होते? मी तर इथेच, स्वयंपाकघरात होते!

बाबा बाहेर आले, माझ्या हातातला फोन पाहिला आणि ओल्या अंगानंच पलंगावर बसले. रडले गं. तुझ्या आत्याचं घेऊन बसलेत ते अजून. तिला कॅन्सर आहे असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि महिनाभरात ती गेली. कळलं म्हणूनच खचली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तिनं वर्षभर अंगावर काढलं होतं, ते कोण बघतो? मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. शरीर माझं आणि निर्णय परस्पर? खूप बोलले मी त्यांना.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. डॉक्टरीण तुझ्याएवढीच असेल. मागे बाबांबरोबर गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा तो सगळं बाबांनाच सांगत होता, जणू गुडघा त्यांचाच. ही मात्र माझ्याकडे बघून बोलली. परत बोलावलं म्हणजे तेच असेल असं नाही, म्हणाली, पण नीट तपासल्याशिवाय कुणीच खात्री देऊ शकत नाही. आणि आपण आधीच उशीर केलाय. सुईनं नमुना घेतला. दुखलं, पण सोसवलं. अजून निकाल यायचाय. भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

पण नुसतं माझंच असतं तर तुला इतक्यात कळवलं नसतं. मी उठायला लागले तेव्हा डॉक्टरीण सहज म्हणाली, मुलगी बाहेर बसलीय का, तिलाही आत बोलवा ना. मी म्हटलं, ती कशाला? डॉक्टरणीचा चेहरा उतरला. मी हात धरला, हातापाया पडायची बाकी राहिले, पण ती काही सांगेना. तिचं मी तिलाच सांगेन, एवढंच म्हणाली, फक्त लवकर पाठवा. घरी येऊन बाबांना विचारलं तर मान वर करवेना त्यांना. तिचं लेकरू लहान आहे, तिला नको सांगू, हेच घोकताहेत तेव्हापासून. ठमे, तुझंही छान आलेलं नाही. तुलाही तेव्हापासून बोलावताहेत. शेजारच्या वहिनी उद्या तुझ्या गावी येताहेत, हे पत्र फक्त तुझ्याच हातात द्या म्हणून त्यांना बजावलंय. बाबांना हव्या तेवढ्या शिव्या घाल, रड, पण ऑफिस, सुट्टी, मुलाची शाळा यातलं काही मधे आणू नकोस. डॉक्टरीणबाईंचा नंबर मागे लिहिलाय. वाचून झालं की उभ्या उभ्या फोन कर, आणि तुझा स्वतःचा नंबर दे त्यांना. काय ते तुझ्या कानांनी ऐक.

तुझीच, तुझ्याकडे यायला बॅग भरून बसलेली,
आई