मूठभर तंबाखूवरून

आप्पा, आज दवाखान्यातल्या माझ्या टेबलावर रक्तदाबाच्या एका औषध-चाचणीचं माहितीपत्रक आलं. कन्नडमधलं तयार होतं, मराठी मला करायचं होतं. अशा पत्रकात एक वाक्य असतंच: तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही. ते लिहिताना इतक्या वर्षांनी पुन्हा तुमचा राग आला.

निपाणीच्या वखारीत तुम्ही तंबाखूची पारख करायचात. ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठ बाहेर काढायचात, चुरगाळून वास घ्यायचात आणि साऱ्या ढिगाचा दर्जा सांगायचात. त्या मुठीवर व्यापारी ढीग उचलायचा. एकेक पान कुणी पाहत नसे.

तो रविवार आठवतो: स्वयंपाकघरात तुम्ही पाय पसरून बसला आहात. रक्तदाबाच्या गोळीनं घोटे सुजलेत. मी बेळगावहून आलेय आणि त्याच गोळीच्या एका मोठ्या चाचणीचा अहवाल तुम्हाला मराठीत सांगतेय. चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट केले. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली. खरी गोळी घेणाऱ्यांत अर्धांगाचे झटके कमी.

"पर दोन्हीकडं लई माणसं धडधाकटच ऱ्हायली की."

"व्हय."

"मग मी त्यातला न्हाय कशावरनं?"

"ते सांगता येत न्हाय, आप्पा."

तुम्ही हसलात. "मूठ ढिगाचं सांगती गं, पानाचं न्हाय. एवढी शिकलीस, अन् बापाचं एक पान वळखता येईना व्हय?"

गोळ्यांचं पाकीट फळीवर गेलं ते खाली आलं नाही. पाय सुजतात एवढं डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी गोळी बदलून दिली असती. तुम्ही सांगितलं नाही. तुमचं बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त चीड येते. जन्मभर दुसऱ्यांना मुठीवर ढीग घ्यायला लावलात, आणि स्वतःपुरता तेवढा पानाचा पुरावा मागितलात. पुढच्याच वर्षी उजवं अंग गेलं. ती मूठ मिटली ती उघडलीच नाही. दोन वर्षं मी तुम्हाला भरवलं. आणि गोळी घेतली असती तर टळलं असतं, असं मला आजही छातीठोक म्हणता येत नाही. ज्याचा झटका टळतो त्यालाही ते कळत नाही. तुमच्यावर धड आरोपही करता येऊ नये, याची मला चीड आहे.

हे पत्रकाच्या कच्च्या प्रतीमागे लिहिलंय. टपालात टाकायचं नाहीच.

त्या दिवशी मी उठताना तुम्ही विचारलंत, "तू माझ्या जागी असतीस तर?" उत्तर मला ठाऊक होतं: घेतली असती. पण तुम्ही हसला होतात. मी बस चुकेल म्हणाले आणि पिशवी उचलली.

बस यायला अजून तास होता. तो तासभर मी स्टँडवर बसून काढला.