चाकामागचा दगड

शुक्रवार, संध्याकाळ

आज परत तेच केलं मी. साहेबांच्या लाल स्पोर्ट्स कारचा हँडब्रेक पकडत नव्हता. आधी मागची चाकं खोलायची, आतले ब्रेक-शू नवे बसवायचे, केबल ताणायची ती शेवटी. पण साहेबांना चितेगावला कारखान्यात जायची घाई. मी नुसती केबल ताणली. लिव्हर कडक लागली, साहेब खूश. आत शू तसेच, झिजलेले.

"पैले चाक, बाद में केबल," युसुफभाई कायम सांगायचे. गॅरेज आम्हा दोघांचं. तरी सहा वर्षांमागं एका जीपची मी अशीच केबल ताणली, आणि आता पक्की झाली म्हणून चढावर तिच्या चाकामागं त्यांनी लावलेला दगड काढला. युसुफभाई जीपच्या मागंच उभे होते, ती घरंगळत त्यांच्या अंगावर गेली. दवाखान्यात ते सगळ्यांना सांगत राहिले, "पत्थर लगाना मैंच भूल गया." दुसऱ्या दिवशी गेले. मी गप्प का बसलो? निदान त्यांच्या बायकोला, भाभीला तरी खरं सांगायचं होतं.

आत्ता साहेबांना फोन केला. गाडी बंगल्याच्या उतारावर लावलीय. गिअरमध्ये ठेवतो म्हणाले. चाकाला दगड लावा म्हटलं तर लई हसले. "अहो, या गाडीला दगड?"

तो दगड अजून गॅरेजच्या दारात आहे. सहा वर्षं त्याला हात लावला नव्हता. आज उचलून स्कूटरवर ठेवलाय. साहेबांचा बंगला उस्मानपुऱ्यात, वाटेत भाभीचं घर लागतं. इथं लिहून ठेवतो, नाय तर मन फिरेल. येताना तिथं थांबायचं.