नव्या तारेची साक्ष

जळगाव, ८ फेब्रुवारी १९८९

प्रिय हिलाल,

खोक्यातला पहिला रेडिओ, धरणगावच्या जिनिंगचा भोंगा, तुझ्या युनियनचा लाउडस्पीकर, सोनगीरला तुमच्या घरातलं विजेचं फिटिंग, हे सगळं मी या हातांनी केलं. कुणा मास्तरापुढे बसलो नाही. म्हणून तार नवी की जुनी, हे मला कुणी शिकवू नये. धुळ्याच्या तुझ्या फोनला खांबावरच्या डब्यातून जोडलेली ती तार नवी होती. सांध्यावरचं तांबं अजून लालसर चमकत होतं.

आपल्याकडे नारळ दिल्याशिवाय सोयरिकीचा शब्द उंबऱ्याबाहेर जात नाही. तुझ्या कुंदाच्या लग्नाची बोलणी तू फक्त फोनवर केलीस, तरी मोर्च्याच्या दिवशी बंदोबस्तावरच्या पोलीस साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, एरंडोलचे व्याही पसंत पडले का? तिथेच ते फसले. कान लावला संपासाठी आणि मिरवलं पोरीचं लग्न. तेव्हाच मी येऊन खांबावर चढलो. तार मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत जात होती. साहेबांचा माणूस तिथे दिवसभर यंत्र लावून बसायचा, हे खोलीच्या मालकीणबाई वच्छलाबाईंनीच सांगितलं. एरंडोलकरांनी मात्र निरोप धाडला, ज्यांचं बोलणं सरकार ऐकतं त्यांच्या घरची मुलगी नको. कुंदा आता बाजारातसुद्धा जात नाही म्हणे.

तुझं पत्र मिळालं. सरकारी अधिकाऱ्यावर खटला चालवायचा तर आधी सरकारचीच मंजुरी हवी, आणि ती दीड वर्ष झालं तरी येत नाही. वकील म्हणतात, थांबा. वहिनी तर मला मागेच म्हणाल्या होत्या, "कोर्ट बी त्यासनंच शे, भाऊ." म्हणून सोमवारी तू तक्रार मागे घेणार. मी तुला बोल लावत नाही. ते कलम मी स्वतः वाचलं. परवानगी मागायची ती त्यांच्याकडेच, आणि ज्याच्याविरुद्ध मागायची तो माणूसही त्यांचाच. कोर्टाला हे झेपेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

पण सही करण्याआधी एवढं ऐक. काल साहेबांचे मेहुणे माझ्या दुकानात आले. चहा घेतला, माझ्या कामाची तारीफ केली. मग हळूच म्हणाले, तार जुनीच होती, आधीच्या कनेक्शनची राहून गेलेली, एवढंच कोर्टात सांगा. खटला उभाच राहणार नसता, तर माझ्या एका वाक्याला गिऱ्हाईक कशाला आलं असतं, हिलाल? त्यांनी काउंटरवर ठेवलेली पिशवी मी त्यांना परत उचलायला लावली. पिशवीत चाळीस हजार होते.

तुझाच,
बन्सीलाल