पाटातली खनोरं

१७ नोव्हेंबर

नखं काळी झाली सोलून सोलून. पाठीवरचे दोन किल्टे भरून खनोर, कडू रानबिया! झाडाखालून वेचायचं मी, पाठीवर वाहायचं मी, फोडायचं मी, चकत्या करायच्या मी. अम्मा चुलीपाशी बसून हुकूम सोडते. "पातळ काप, भागी. जाड ठेवलंस तर कडूपणा आत बसून राहतो." सव्वीस वर्षं ऐकतेय. एकदा तरी वेगळं काहीतरी बोल म्हणावं सासूबाई!

पण यंदा तिचं ऐकणं भाग आहे. रुकूला बाळंतपणाची पाच डिसेंबर तारीख दिलीय. पोरीला सासू नाही, जावई दिवसभर टॅक्सीवर. खाली भुंतरला तिच्याजवळ मीच पाहिजे. अम्मा म्हणते, "या घरची लेक बाळंत झाली की खनोराच्या पिठाचा शिरा खाते. तूप घालून. रिकाम्या हाताने जाणार होय?" माझ्या वेळी तिनेच केला होता. पाच दिवस, स्वतःच्या हाताने. खोटं कशाला लिहू.

१८ नोव्हेंबर

टोपल्या पाटात ठेवल्या. वर दगड. पाणचक्कीच्या, आमच्या घराटाच्या, वरच्या अंगाला, जिथे पाणी पळतं तिथे. सात दिवस. २५ ला काढायचं, दोन दिवस वाळवायचं, घराटावर दळायचं, २८ ला चुनीलालच्या जीपमध्ये मी! मेघीला सांगून ठेवलंय, अम्माला सांभाळ म्हणून. मेघी माझी धाकटी जाऊ, दोन घरं खाली राहते. "जा ग ताई, म्हातारी मला नवीन आहे का?" म्हणाली.

२० नोव्हेंबर

पाटावर नुसता फेस. साबण सांडल्यासारखा. फुकट कशाला घालवा, दोन पट्टू धुऊन काढले त्यात. लोकर अशी मऊ निघते की बाजारच्या पुडीने निघणार नाही.

तिथेच मेघीकडे भाड्याने उतरलेला दिल्लीचा पाहुणा आला. ओंजळभर खनोरं घेऊन. "आंटी, चेस्टनट!" म्हणे, परदेशात भाजून खाल्लेत. तोंडात घालणार एवढ्यात हातावर फटका मारला मी त्याच्या. "ते काटेरी बोंडातलं वेगळं! हे खाल्लंस तर आतडी बाहेर येतील!" माणूस घाबरलाच. मेघी हसून हसून खाली बसली. "ताई, माझं गिऱ्हाईक पळवशील!" पळू दे. जिवंत पळू दे.

२१ नोव्हेंबर

देवळाच्या ओट्यावर जाऊन फोन लावला, तिथेच काय ते नेटवर्क. रुकूचे पाय सुजलेत. "आई, तू कधी येतेस?" हे एकच. मग जावयाने फोन घेतला. हेमसिंग माणूस बरा, पण प्रत्येक गोष्ट मोबाइलला विचारतो. "मम्मी, ते विषारी आहे. लिहिलंय इथे. रुकूला देऊ नका."

विषारी आहेच! म्हणून तर पाण्यात ठेवतो. म्हटलं, खेचराच्या पोटात कळ आली की पूड देतात, म्हातारीच्या गुडघ्यांना त्याचं तेल चालतं, उकडून गायीला घालतो. आणि पाण्यात नीट धुतलं की माणूस खातो, उपासालासुद्धा. तुझ्या मोबाइलने कधी टोपली उचललीय का?

"पण कळतं कसं, विष गेलं ते?"

"अम्मा सांगते," म्हटलं.

त्याने फोन रुकूकडे परत दिला.

२२ नोव्हेंबर

कालचा जावयाचा प्रश्न डोक्यातून जाईना. चाखायला अम्माच का? तर माझ्यामुळे. लग्नाच्या पहिल्या वर्षी घाई केली मी. चौथ्या दिवशीच काढलं, जिभेला लावलं न लावलं, म्हटलं झालं. घरदार ओकलं. सासरे तीन दिवस उठले नव्हते. तेव्हापासून ठरलं – अम्मा चाखणार, एक दिवस थांबणार, काही झालं नाही तर मग बाकीचे. मी कधी हात लावला नाही पुन्हा.

अम्माने आज रोटी अर्धीच खाल्ली. म्हणे भाजी करपली. कुठे करपली होती? उगीच.

२५ नोव्हेंबर

सात दिवस झाले. एक चकती धुऊन, उकडून तिच्या हातावर ठेवली. चघळली. तोंड वाकडं. थुंकली.

"कडू."

बरं. एक दिवस राहू दे आणखी.

२६ नोव्हेंबर

कडू.

२७ नोव्हेंबर

कडूच! दहा दिवसांवर आलं. पाण्यावर फेसाचा ठिपका नाही. बाटलीत पाणी घेतलं, चकत्या घातल्या, खळखळ हलवली – काही नाही. साधं पाणी. तसं दाखवलं तिला. "फेस तुला दिसतो, जीभ माझी आहे," म्हणाली.

उद्याची जीप गेली म्हणायची.

चहासुद्धा ठेवून दिला तिने. नखरे नुसते.

२९ नोव्हेंबर

आमच्या मालकांचा फोन आला होता, मेघी ओट्यावर असताना. मेंढरं घेऊन बिलासपूरच्या बाजूला पोचलेत. निरोप – "आभाळ भरलंय, भागीला म्हणावं लवकर उतर." वा! तिकडे उन्हात बसून सांगायला काय जातं. दरवर्षी हेच. कळप खाली जातो, पुरुष खाली जातात, आणि इथे मी, गाय, आणि अम्मा. चार भिंतींत तीन जनावरं.

लिहू नये असं. पण लिहिलं. मॅडमनी साक्षरतेच्या वर्गात सांगितलं होतं, मनात येईल ते लिही. आलं ते हे.

३० नोव्हेंबर

आज चुनीलाल दारात येऊन उभा. "भागी बहेन, चल! वरच्या डोंगरधारेवर बर्फ पडलंय. यानंतर जीप येईल का नाही, देव जाणे."

मी पट्टू गुंडाळला, पिशवी घेतली. खनोर गेलं खड्ड्यात म्हटलं, मी जाते. अम्मा दाराशी आली, भिंत धरून. "एक दिवस थांब ग. उद्या गोड होईल बघ. पोरीला पहिल्यांदा पाठवतोय आपण काहीतरी." माझ्या पिशवीचा बंद धरला होता तिने. लहान पोर धरतं तसा. मी सोडवला नाही.

चुनीलाल म्हणाला, "बहेन, आत का बाहेर?"

आत.

गेला तो. गाढव आहे मी.

१ डिसेंबर

दार ढकललं तर उघडेना. गुडघाभर बर्फ. नेटवर्क नाही, वीज नाही. रस्त्यावर दोन ठिकाणी कडा कोसळलाय म्हणतात. मेघीचा पाहुणासुद्धा अडकलाय, सारखा विचारतो, "कब खुलेगा?" मला विचारतो! मी काय रस्तेवाली आहे?

पाटाला बर्फाची साय धरली. टोपल्या ओढून घरात आणल्या.

अम्माने चाखलं. कडू.

३ डिसेंबर

आज मीच खाल्लं.

गोठ्यात, एकटीने. अंगठ्याएवढा तुकडा. चघळलं. थांबले. काही नाही! पिठूळ, बेचव, उकडलेल्या बटाट्यासारखं. कडूपणाचा मागमूस नाही. थेंब नाही!

संध्याकाळपर्यंत थांबते. पोट काय म्हणतं बघू.

४ डिसेंबर

पोट ठणठणीत. सकाळी मूठभर खाल्लं, तरी ठणठणीत. मेघीला नेऊन दिलं. ती म्हणाली, "ताई, हे तर केव्हाचं झालंय. गोड लागतंय."

केव्हाचं झालंय.

घरी येऊन तिच्यासमोर टोपली आदळली. म्हटलं, खोटारडी आहेस तू! दहा दिवस मला खेळवलंस. मी खाली जाऊ नये म्हणून! पोरगी तिकडे एकटी, आणि तुला इथे चूल पेटवायला मी हवी! बंद धरून उभी राहिलीस, नाटक केलंस!

"जिभेला लागलं ते सांगितलं," म्हणाली.

"जीभ सडली तुझी," म्हणाले मी. होय, म्हणाले.

उद्या पाच तारीख.

५ डिसेंबर

बोलत नाही आम्ही. तिच्यासमोर ताट सरकवते, ती परत सरकवते. नको तर नको. उपाशी राहून मला पाप लावायला बघते.

नेटवर्क नाही. तीनदा ओट्यावर जाऊन आले, कमरेपर्यंत बर्फातून.

६ डिसेंबर

ओट्यावर उभी होते आणि एकाएकी फोन वाजला! मुलगी झाली. काल दुपारी. दोघी सुखरूप. हेमसिंग रडत होता. "मम्मी, शेजारच्या बाईने सगळं केलं. देवमाणूस आहे." रुकूशी बोलले. म्हणाली, "तू येशील म्हणून मी दाराकडेच बघत होते." बस, एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

अम्माला सांगितलं. तोंडाला पदर लावून बसली. डोळे पुसले. मी गायीला चारा घालायला गेले.

८ डिसेंबर

बर्फ काढणारं मशीन खालच्या वळणापर्यंत पोचलं. परवा जीप येईल. घराट गोठलंय, तेव्हा चकत्या चुलीवर वाळवून जात्यावर दळल्या. हात सोलले. पीठ पांढरंशुभ्र निघालं. यंदाइतकं चांगलं कधी निघालं नव्हतं, आणि सांगायला कोणी नाही.

मेघीशी बोलून घेतलं. अम्मा तिच्याकडे राहील. मी वसंत पंचमीपर्यंत येत नाही म्हटलं. मेघी म्हणाली, "ताई, तिचा झगा बघितलास का? दोन अम्मा मावतील त्यात." म्हटलं, खात नाही, हट्ट आहे.

९ डिसेंबर

पिशवी भरली. मन लागेना. कितीही म्हटलं तरी सव्वीस वर्षं. भांडून कसं जायचं? मऊ शिरा केला, पिठाचा, तिच्याच पद्धतीने. वाटी पुढे केली. "खा, अम्मा. गोड आहे. मी आधी खाल्लाय."

घास घेतला तिने. खूप वेळ तोंडात धरला. मग गिळला. मान हलवली – हो, गोड आहे. डोळ्यांत पाणी.

आता का मान्य केलं? आधी का नाही?

१० डिसेंबर

निघायच्या आधी मेघीने अम्माच्या खोकल्यासाठी मध पाठवला. बोटाने अम्माच्या जिभेवर ठेवला. तिने डोळे मिटले, आणि हळूच म्हणाली, "हाही कडू. यातही खनोर घातलंस का ग? घाल. रोटीत घालतेस, चहात घालतेस, मी कोणाला सांगितलं नाही."

चुनीलालला सांगितलं – पुढची सीट अम्माची. आधी हॉस्पिटल. बाळ नंतर.