नवव्या दिवशी दार उघडलं

आई, माझ्या घरात मांजराचं पिल्लू आलं आहे. तुला जाऊन आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला सांगावं असं पुष्कळ होऊन गेलं, पण लिहायला बसले ती या पिल्लापायी. तू असतीस तर म्हणाली असतीस, मांजराचं काय लिहायचं. पण मांजरांबद्दल जेवढं तुला कळत होतं तेवढं दुसऱ्या कशाबद्दल कळत होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

लेक नर्सिंग शिकायला पुण्याला गेली. जायच्या आदल्या दिवशी बिस्किटांचं एक रिकामं खोकं घेऊन आली. खोक्याला भोकं पाडलेली आणि आतून खरवडल्याचा आवाज. मी विचारलं, "काय आहे यात?" तर म्हणाली, "तुझी सोबत." म्हटलं, "मला कशाला सोबत? मी काय आजारी आहे?" "मम्मी, मी गेल्यावर तू भिंतीशी बोलायला लागशील." "भिंत निदान दूध तरी सांडत नाही," मी म्हटलं. ती हसली आणि तिने खोकं उघडलं. काळंपांढरं, मुठीएवढं पिल्लू, एक कान कुणीतरी कुरतडलेला. ते खोक्यातून निघालं ते थेट गॅसच्या सिलिंडरवर, तिथून ओट्यावर, ओट्यावरून मिसळणाच्या डब्यात. डबा आडवा झाला, हळद सांडली आणि पुढच्या दोन मिनिटांत या नाशिक रोडच्या दोन खोल्यांत जिथे तिथे पिवळे पाय उमटले. लेक पोट धरून हसत होती. मी फडकं शोधत होते.

पहिल्या तीन दिवसांत त्याने पडदा उसवला, दुधाचं पातेलं दोनदा उपडं केलं आणि मी पोळ्या लाटत असताना पदराला लोंबकळून झोके घेतले. पायाचा अंगठा हलला की झडप. मी सकाळी ज्या वाचनालयात झाडलोट करते तिथून आणलेल्या पुस्तकाचा कोपरा त्याने चावला, तेव्हा मला तिथल्या ग्रंथपाल बाईंसमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं. तुला हे ठाऊक नाही, मी आता वाचते. सातवीला तू माझी शाळा बंद केलीस. पुढचं मी कपाटं पुसता पुसता शिकले, आधी पाठीवरची नावं, मग आतलं. शेजारची बाई दारातून डोकावून म्हणाली, "अवो ताई, लय द्वाड हाय तुमचं! याला पोत्यात घालून नदीपल्याड सोडा." मी म्हटलं, "राहू दे, रुळेल." आणि आपल्याच तोंडून तुझा शब्द आला म्हणून तिथेच थबकले.

विंचूरला कांद्याच्या बाजारामागे आपलं घर. धान्याच्या दुकानांना उंदरांचा त्रास, त्यामुळे मांजर सगळ्यांनाच हवं असायचं, पण आणलेलं मांजर टिकत नसे. चार दिवसांत पळायचं. मग लोक पिशवीतून पिल्लू घेऊन आपल्या दारात उभे राहत. "मावशी, तेवढं रुळवून द्या." तू त्या दुकानात जायचीस आणि सगळं शिकवून यायचीस. आठ दिवस एकाच खोलीत कोंडायचं. पाटीत राख ठेवायची. निजायला नवं फडकं द्यायचं नाही, घरातल्याच बाईचं अंगावरचं लुगडं फाडून द्यायचं, म्हणजे त्याच्या नाकात घर बसतं. रोज एकाच हाताने, एकाच जागी, एकाच वाटीत खायला द्यायचं आणि द्यायच्या आधी वाटीवर चमचा तीनदा वाजवायचा. नवव्या दिवशी सकाळी दार उघडायचं, पण काही खाऊ न घालता. "पोट भरलेलं मांजर कशाला येतंय माघारी?" तू म्हणायचीस. "उपाशी सोड. घटकाभर हिंडंल, मग वाटी वाजव, बघ कसं पळत येतंय." आणि ते यायचंच. मी तुझ्या मागे परकर धरून उभी असायचे. गल्लीच्या टोकावरून शेपूट उभारून पळत येणारं पिल्लू बघून मला वाटायचं, माझ्या आईला जादू येते.

हे सगळं मी इथेही तसंच केलं. ठरवून नाही, हात आपोआप चालत गेले. माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा खोक्यात घातला. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. सकाळ संध्याकाळ वाटीवर चमचा तीनदा. पाचव्या दिवशी पिल्लू त्या तुकड्यावर अंगाचं वेटोळं करून निजलं होतं, आणि त्याच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी हातातली वाटी आपटली.

लेक चार वर्षांची होती तेव्हा तिचे बाबा कावीळ होऊन गेले. तेराव्यानंतर पद्धतीप्रमाणे भाऊ मला माहेरी घेऊन आला. मी मोठी पिशवी भरून आणली होती. माझ्या मनात होतं, आता इथेच. सासरी दीर आणि सासूबाई यांच्यात मला कोण विचारणार होतं? तू दारात पोरीला उचललंस आणि मला म्हणालीस, "पिशवी खुंटीला लाव." मी म्हटलं, कपड्यांना कपाटात जागा करते. "कशाला? खुंटीला बरी हाय." रात्री अंथरूण घातलंस तेव्हा मला पाहुण्यांची वाकळ दिलीस. ती वर्षभर ट्रंकेत असायची आणि तिला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. आई, दुकानदारांच्या मांजरांसाठी तू घरच्या बाईचं अंगावरचं लुगडं फाडायला लावत होतीस. मला तू तुझ्या घराचा वाससुद्धा लागू दिला नाहीस.

पाच दिवस मी तिथे होते. वहिनीला दिवस गेले होते, ती माझ्याशी नीट बोलायची पण ताट वाढताना तुझ्याकडे बघायची. भाऊ सकाळी लवकर बाजारात जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. मी भांडी घासायला बसले की तू हातातून काढून घ्यायचीस. लोकांना वाटलं असेल, केवढी माया. मला मात्र तेव्हाच कळायला हवं होतं. घरातल्या कामाला हात लावला की घर आपलं वाटायला लागतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? चौथ्या दिवशी मी विहिरीवर सगळ्यांचे कपडे धुऊन आणले, तर तू ओलेच्या ओले पिळे माझ्या डोक्यावरून उतरवून घेतलेस आणि पहिल्यांदा सरळ बोललीस. "इथं मुरलीस तर तिथली जागा जाईल. उद्या सातची गाडी हाय."

एवढंच. मी रडले नाही. रडले असते तर तू काय केलं असतंस, हा विचार मी नंतर शंभर वेळा केला.

त्या सकाळी तू चूल पेटवली नाहीस. हे मी चौदा वर्षं उराशी धरून आहे. लेक सासरी निघाली की ओटी भरतात. माझी ओटी आता भरायची नव्हती, ते मला समजत होतं. कुंकवाची डबी देवळीत तशीच राहिली, तेही समजत होतं. पण भाकरी? भाकरीला कुठलं शास्त्र आडवं येत होतं? तू पोरीला दूध पाजलंस आणि मला चहासुद्धा विचारला नाहीस. स्टँडवर आलीस. गाडीत चढल्यावर मी खिडकीतून हात बाहेर काढून ठेवला होता, तू फडक्यात बांधून काहीतरी देशील म्हणून. तू पदर तोंडाशी धरून उभी होतीस. गाडी हलली तरी तशीच.

इथे आले तर माझी खाट बाहेरच्या ओसरीत काढलेली. सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तू आता तिकडंच." आणखी पाच दिवस उशीर झाला असता तर दिराने आतल्या खोलीला कुलूप घातलं असतं, हे खरं आहे. मी खाट ओढत आत नेली आणि तिच्यावर बसून राहिले. पुढे भांडून, कामं करून, याच दोन खोल्यांत पोरगी वाढवली. आता सगळे म्हणतात, तुझी आई शहाणी, तिने तुला परत पाठवलं म्हणून तुला छप्पर राहिलं. भाऊही म्हणतो. असेल. मी कुणाशी वाद घालत नाही. पण छप्पर मिळवून देणं आणि उपाशी काढून देणं या दोन गोष्टी एकत्र का कराव्या लागल्या, हे मला कुणी सांगत नाही. जागेची काळजी होती तर तसं मांडीवर डोकं घेऊन सांगता आलं असतं. मी मांजर नव्हते, आई.

नंतर सहा वर्षं मी आले नाही. तू दोनदा निरोप पाठवलास, दोन्ही वेळा कांद्याच्या ट्रकवरच्या गावच्या माणसाबरोबर. "मावशी म्हणल्या, यंदा भाऊबीजेला तरी ये." मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, सुट्टी नाही. तिसरा निरोप भावाचा होता. मी पोचेपर्यंत तुला नेलं होतं.

तर नववा दिवस आला. पिल्लाला सोडायचं होतं आणि मी तुझ्याविरुद्ध वागायचं ठरवलं. वय झालं तरी माणूस असला हट्ट करतं. मी त्याला दुधात भाकरी कुस्करून घातली, वर साय घातली, पुन्हा दूध ओतलं. त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं. मग दार उघडून म्हटलं, "जा. माझ्या दारातून कुणी उपाशी जाणार नाही." ते उंबऱ्यावर क्षणभर बसलं, मिशा पुसल्या आणि कुंपणाखालून गेलं ते गेलंच.

दुपारपर्यंत आलं नाही. संध्याकाळी मी कॉलनीभर हिंडले, लेकीने ठेवलेल्या नावाने हाका मारल्या. शेजारची बाई म्हणाली, "खाऊन पिऊन गेलं व्हय? मग कशाला येतंय! तुमीच त्याची वरात काढली ताई." लेकीचा फोन आला, "पिल्लू काय करतंय?" मी सांगितलं, निजलंय. दुसरा दिवस गेला. खोक्यातल्या साडीच्या तुकड्यावर त्याचे केस होते, ते मी झटकले नाहीत. चमचा आणि वाटी ओट्यावर होती आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. वाजवली तर तू जिंकशील, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहून वाटी वाजवली. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. पाण्याच्या टाकीमागून ते आलं, शेपूट उभारून, पळत, चिखलाने माखलेलं, दोन्ही कुशी आत गेलेल्या. माझ्या पायाला घासलंसुद्धा नाही, सरळ वाटीत तोंड घातलं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. ते चपचप खात होतं आणि मला त्या सातच्या गाडीची सकाळ दिसत होती. न पेटलेली चूल. तोंडाशी धरलेला पदर. ज्याने माघारी यावं असं वाटतं त्यालाच तू उपाशी सोडायचीस. दुसऱ्या कुणाला नाही.

असं होतं का, आई? की मी आता एकटी पडले म्हणून मला असं सुचतं आहे? तू एवढा विचार केला नसशीलही. वहिनी उठायच्या आत मला बाहेर काढायची घाई असेल, किंवा चूल पेटवायचं सुधरलं नसेल. तू काहीच बोलली नाहीस, त्यामुळे मला दोन्ही खरं धरून बसावं लागतं. आणि समजा तेच खरं असलं, तरी ते मला कळावं कसं? मांजराला कळतं, कारण तू त्याच्यासाठी वाटी वाजवायचीस. माझ्यासाठी वाजवलीस ती ट्रकवरच्या माणसाकरवी.

पिल्लू आता टेबलावर आहे आणि पेनाच्या टोकावर पंजा मारतं आहे, म्हणून अक्षर असं आलंय. याला पाकीट नाही, पत्ता नाही. त्या विंचूरच्या घरात आता भावाची पोरं आहेत, त्यांना यातलं काय कळणार. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. उपाशी काढलं, उपाशी काढलं, असं मी सगळ्यांना सांगत आले, लेकीलाही. त्या दिवशी निफाडला गाडी दहा मिनिटं थांबली. पोर मांडीवर निजली होती. मी खिडकीतून गरम भजी मागून घेतली, पाव घेतला, वर कपभर चहा घेतला, आणि पोटभर खाल्लं.